हॅलफर्डला हे सगळे सांगायची गरजच काय होती? (‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’)

शांभवी

ॲन ब्राँटीची १८४८ साली प्रसिद्ध झालेली ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. कौतुक वाटले आणि वैतागही आला. कौतुकाचे कारण उघड आहे. दारूच्या आणि बाहेरख्यालीपणाच्या आहारी गेलेल्या नवऱ्यापासून आपल्या लहान मुलाला वाचवण्यासाठी घर सोडणारी, खोटे नाव घेऊन एका पडक्या वाड्यात राहणारी आणि चित्रे विकून पोट भरणारी नायिका त्या काळी कुणी इतक्या धीटपणे उभी केली असेल, याची मला कल्पना नव्हती. वैताग आहे तो ही गोष्ट ज्या रीतीने सांगितली आहे तिचा. (पुढे कथानक उघड होणार आहे. ज्यांना वाचायची आहे त्यांनी येथेच थांबावे.)

गिल्बर्ट मार्कम हा शेतीवाडी सांभाळणारा गृहस्थ १८४७ साली आपला मित्र आणि मेव्हणा हॅलफर्ड याला लिहितो आहे, आणि सांगतो आहे १८२७ च्या शरद ऋतूपासूनची हकीकत. निमित्त काय, तर मागे एकदा हॅलफर्डने आपल्या पूर्वायुष्यातील गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या, गिल्बर्टने मात्र बदल्यात काहीच सांगितले नाही, म्हणून हॅलफर्ड रुसला. त्याची समजूत काढण्यासाठी ही सगळी कादंबरी! त्यात पुन्हा सोळाव्या प्रकरणापासून चव्वेचाळिसाव्यापर्यंत नायिकेची, म्हणजे हेलनची, रोजनिशी आहे आणि ती गिल्बर्टने हॅलफर्डसाठी उतरवून काढली आहे. रोजनिशी संपून थोडे पुढे जातो न जातो तोच हेलनने भावाला लिहिलेली पत्रे सुरू होतात, आणि तीही गिल्बर्टच आपल्याला दाखवतो.

वीस वर्षांपूर्वीची संभाषणे गिल्बर्टला शब्दशः कशी आठवतात, हा प्रश्न मी सोडून देते. आपल्याजवळ एक जुनी, शाई उडालेली टिपणवही आहे असे तो सुरुवातीला सांगतो, आणि कादंबरीत एवढी सूट द्यावीच लागते. मला छळतात ते दुसरे दोन प्रश्न. हॅलफर्डची बायको रोझ ही गिल्बर्टची सख्खी बहीण आहे. हे सर्व घडत होते तेव्हा ती त्याच घरात राहत होती, आणि गावात हेलनविषयी उठलेली प्रत्येक वावडी तिच्या कानावर येत होती. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावरही तिने नवऱ्याला यातले काहीच सांगितले नसेल, हे पटते का? दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. पत्र लिहिले जात असताना हेलन ही गिल्बर्टची पत्नी आहे. तिच्या पहिल्या संसाराची सगळी विटंबना ज्या वहीत आहे ती वही तिचा आताचा नवरा रुसलेल्या मेव्हण्यासाठी बसून नकलून काढतो, आणि तिला विचारल्याचा साधा उल्लेखही मला कुठे सापडला नाही.

ही गोष्ट सरळ का सांगितली नाही? पत्रांमधून सांगितलेल्या कादंबऱ्या तुम्हाला आवडतात का, आणि आवडत असल्यास कशासाठी?


काकडआरती

पत्र लिहायला गिल्बर्टने १८४७ पर्यंत वाट पाहिली, हे त्याचे हॅलफर्डवर मोठे उपकार मानले पाहिजेत. इंग्लंडमध्ये अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र एका पेनीत कुठेही पोहोचवण्याची सोय १८४० च्या जानेवारीत झाली. त्याआधी हशील बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होत असे, आणि ते अंतराप्रमाणे व कागदांच्या संख्येप्रमाणे वाढत जाई. हेच बाड दहा वर्षे आधी दारात येऊन पडले असते तर हॅलफर्डने रुसवा सोडण्याऐवजी नातेच तोडले असते.


जुना वाचक

शांभवी, पहिल्या प्रकरणाचा शेवट पुन्हा पाहावा अशी विनंती आहे. तेथे गिल्बर्ट हॅलफर्डचा निरोप घेतो आणि सांगतो की हा माझ्या कर्जाचा पहिला हप्ता आहे, नाणे पसंत पडले तर कळव, म्हणजे उरलेले सवडीने पाठवीन. म्हणजे ही कादंबरी म्हणजे एकच अवाढव्य पत्र आहे, असे लेखिकेला अभिप्रेत नसावे. हप्त्याहप्त्याने पाठवलेला मजकूर आहे, आणि काकडआरती यांचा टपालखर्चही त्यामुळे थोडा हलका होतो.

मला स्वतःला तो देण्याघेण्याचा हिशेब फार सूचक वाटतो. दोन पुरुष एकमेकांना आपापली गुपिते नाण्यांसारखी मोजून देतात, आणि त्या नाण्यांत एका स्त्रीचे आयुष्य आहे. तुमचा दुसरा आक्षेप मला मान्य आहे, पण तो लेखिकेच्या तंत्रावर आहे की गिल्बर्टच्या स्वभावावर, हे आधी ठरवावे लागेल. तो स्वभाव लेखिकेने काही लपवलेला नाही. संशयापोटी हेलनच्या भावाला चाबकाच्या मुठीने डोक्यात मारून रस्त्यात टाकून जाणारा हा माणूस आहे.


मृद्गंध

मी गोंधळले आहे. ही कादंबरी मी दोन वर्षांपूर्वी वाचली, पण रुसवा, समजूत, शाई उडालेली वही यांतले काहीच मला आठवत नाही. आत्ता उठून प्रत काढून पाहिली. माझ्या पुस्तकात पहिले प्रकरण थेट ‘१८२७ च्या शरद ऋतूत माझ्याबरोबर चला’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होते. त्याआधी काहीही नाही. हे वाक्य वाचकालाच उद्देशून आहे असे समजून मी पुढे गेले. प्रकरणाच्या शेवटी कुणी हॅलफर्ड उपटला आणि कर्जाची भाषा सुरू झाली तेव्हा मी चकित झाले होते, पण जुन्या कादंबऱ्यांत असे चालायचेच, म्हणून सोडून दिले.


दूरस्थ

मृद्गंध, तुमच्या प्रतीत ते पत्र नाही याचे कारण १८५४ सालात आहे. ॲन १८४९ च्या मे महिन्यात वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी स्कारबरो येथे वारली. पुढच्या वर्षी बहिणींची पुस्तके पुन्हा निघत होती, पण ही कादंबरी जतन करण्याजोगी आहे असे तिची मोठी बहीण शार्लट हिला वाटत नव्हते. विषयाची निवडच चुकली होती, असे तिने १८५० मध्ये छापूनच टाकले. मूळ कादंबरी तीन खंडांत होती. १८५४ साली टॉमस हॉजसन नावाच्या प्रकाशकाने तिची एका खंडातली स्वस्त आवृत्ती काढली आणि ती तशी बसवण्यासाठी मजकुरावर कात्री चालवली. हॅलफर्डला लिहिलेले सुरुवातीचे पत्र गेले, प्रकरणांची शीर्षके गेली, कुठे एखादा शब्द, तर कुठे जवळजवळ आख्खे प्रकरण गेले. अठ्ठाविसावे प्रकरण ताडून पाहा, म्हणजे किती गेले ते कळेल. नंतरच्या कित्येक स्वस्त आवृत्त्या याच छाटलेल्या मजकुरावरून छापल्या गेल्या, आणि आजही फुकट मिळणाऱ्या ई-पुस्तकांत तो सर्रास सापडतो. पूर्ण मजकुराची चिकित्सक आवृत्ती हर्बर्ट रोझेनगार्टन यांनी संपादित केली आणि ती १९९२ मध्ये क्लॅरेंडन प्रेसने प्रसिद्ध केली.

प्रत घेताना पहिल्या प्रकरणाच्या आधी हॅलफर्डच्या नावाचे पत्र आहे की नाही एवढे पाहिले तरी पुरते. मी यॉर्कशायरमध्ये नोकरीनिमित्त राहतो. येथील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत छाटलेल्या प्रती अजूनही हाताला लागतात, आणि विकणाऱ्यालाही बहुधा त्याचा पत्ता नसतो.

थोडक्यात, शांभवींची सूचना एका प्रकाशकाने कधीच अमलात आणली आहे.


काकडआरती

मग मृद्गंध यांनीच निकाल द्यावा. पत्राशिवाय कादंबरी सुधारली का?


मृद्गंध

निकाल देण्याइतका माझा अधिकार नाही, पण अनुभव सांगते. वैताग आला नाही, हे खरे आहे. मात्र हे सगळे कोण कुणाला आणि का सांगतो आहे, हा प्रश्नच मला पडला नव्हता, त्यामुळे रोजनिशी उतरवून पाठवण्यात काही वावगे आहे हेही मनात आले नाही. शांभवींचा आक्षेप वाचल्यावर पहिल्यांदा अंगावर काटा आला. पत्र काढल्याने वाचन सोपे झाले, पण गिल्बर्टही त्याबरोबर सुटला.


रानवारा

मूळ प्रश्न कादंबरीतील पत्रांविषयी आहे म्हणून माझे मत स्पष्टच मांडतो. पत्रांतून सांगितलेली कादंबरी मला सहसा सोसत नाही. सॅम्युएल रिचर्डसन हा मुळात मुद्रक होता. साध्या माणसांना उपयोगी पडतील अशा नमुना-पत्रांचे पुस्तक लिहून द्यायला त्याला सांगण्यात आले, आणि त्या कामातूनच १७४० ची ‘पामेला’ जन्माला आली. मला त्या कादंबरीत शेवटपर्यंत नमुना-पत्रांचा वास येत राहतो. मालक अंगचटीला येतो आहे आणि ही मुलगी त्याचा वृत्तांत लिहीत बसली आहे! हेन्री फील्डिंगने पुढच्याच वर्षी ‘शमेला’ नावाचे विडंबन लिहिले. त्यातील नायिका मालक दार उघडून आत येत असतानाही लिहिणे थांबवत नाही आणि मी वर्तमानकाळात लिहिते आहे हे पाहा, असे वर ऐकवते. त्यानंतर या प्रकाराविषयी आणखी काही बोलण्याची गरज उरली नाही, असे माझे मत आहे. रिचर्डसनने मात्र ऐकले नाही. त्याच्या ‘क्लॅरिसा’त ५३७ पत्रे आहेत.

खरी हुशार निघाली ती जेन ऑस्टेन. ‘लेडी सुझन’ ही लहानशी कादंबरी तिने तरुणपणी पत्रांतून लिहायला घेतली, ४१ पत्रांनंतर तिला त्याचा कंटाळा आला असावा, आणि तिने सरळ निवेदकाच्या आवाजात जाहीर केले की यातील काही माणसे एकत्र आली व काही दूर गेली, त्यामुळे टपालखात्याच्या उत्पन्नाचे मोठे नुकसान होत असले तरी हा पत्रव्यवहार पुढे चालू शकत नाही. पत्रात्मक कादंबरी याहून चांगल्या रीतीने कुणी संपवली असेल असे मला वाटत नाही.


अबोली

रानवारा, ‘पामेला’वर हसणे सोपे आहे, पण तिच्यातील एक गोष्ट तुम्ही ओलांडून गेलात. पामेला आपले कागद बागेत पुरते, कपड्यांत शिवून ठेवते. मालक ते शोधत राहतो, हिसकावतो, वाचतो, आणि वाचता वाचताच बदलतो. तिची पत्रे नुसती गोष्ट सांगत नाहीत, त्या पत्रांचे स्वतःचे काहीतरी होत असते. माझ्या दृष्टीने कादंबरीतले पत्र जमले की फसले याची कसोटी ही आहे. ते हरवू शकते का? भलत्याच्या हाती पडू शकते का? पत्राला कथानकात काही धोकाच नसेल तर ते निव्वळ पाकीट आहे, आणि पाकीट फेकून दिले तरी चालते.

आता हीच कसोटी हेलनच्या रोजनिशीला लावून पाहा. चाळिसाव्या प्रकरणात ती लिहीत बसली असताना तिचा नवरा हंटिंग्डन वही हातातून ओढून घेतो आणि तिच्यासमोर वाचतो. तिने पळून जायचे ठरवले आहे, चित्रे विकून मुलाला वाढवण्याचा बेत केला आहे, हे त्याला त्या वहीतूनच कळते. तो तिच्या किल्ल्या मागून घेतो आणि रंग, कुंचले, सगळे साहित्य विस्तवात टाकतो. आपण जी वही वाचत आहोत तीच तिला बुडवते! हा प्रसंग हेलनने गिल्बर्टला समोर बसवून तोंडी सांगितला असता तर त्यातले निम्मे बळ नाहीसे झाले असते.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण कादंबरीकार जॉर्ज मूरने १९२४ साली नेमका उलट सल्ला दिला होता. ॲनच्या गुणांचे त्याला मोठे कौतुक होते, पण नायिकेने त्या तरुण शेतकऱ्याच्या हाती वही न देता आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवी होती, आणि एखाद्या जाणत्या लेखकाने ॲनचा हात धरून तिला तसे सुचवायला हवे होते, असे त्याचे म्हणणे होते. मला हे मुळीच पटत नाही. तोंडी कहाणी सांगणाऱ्या बाईला शेवट आधीच माहीत असतो. रोजनिशीतील हेलनला तो माहीत नाही. १ जून १८२१ च्या नोंदीत ती अठरा वर्षांची, स्वतःच्या शहाणपणावर विश्वास असलेली मुलगी आहे, आणि नवऱ्याला आपण सुधारू ही तिची खात्री नोंदीनोंदीगणिक कशी झिजते ते आपण सहा वर्षे पाहत राहतो. ती प्रत्येक वेळी पुन्हा आशा धरते, याची चीडही येते. पण कहाणी सांगणाऱ्या हेलनने त्या आशा गाळूनच टाकल्या असत्या, कारण नंतर त्या सांगायची तिला लाज वाटली असती.


उंबरठा

अबोली यांच्याशी सहमत आहे, आणि त्या काळचा कायदा लक्षात घेतला तर हा धोका अधिक स्पष्ट होतो. विवाहित स्त्रीला कायद्याने स्वतंत्र अस्तित्वच नव्हते, तिची मिळकत नवऱ्याची होती. तिने चित्र विकून मिळवलेले पैसेही त्याचेच होते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे आले ते १८७० आणि १८८२ मध्ये. सात वर्षांखालील मुलाचा ताबा मागण्याची मुभा आईला पहिल्यांदा १८३९ च्या कायद्याने मिळाली, आणि हेलन घर सोडते ती १८२७ मध्ये. मूल घेऊन गेलेली हेलन कायद्याच्या नजरेत गुन्हेगार होती आणि तिची वही हाच तिचा एकमेव साक्षीदार होता.

हॅलफर्डच्या पत्राकडेही मी याच बाजूने पाहते. बाहेर पुरुषाचे पत्र आणि आत स्त्रीची वही, ही रचना लेखिकेने समजून उमजून केली असावी. आधी आपण गावाचे ऐकतो, गावाबरोबर गिल्बर्टचे ऐकतो आणि मग तिचे ऐकतो. खेरीज दोघांनीही त्या वहीवर आपापला हात चालवला आहे, हे कुणी अजून सांगितले नाही. गिल्बर्टच्या हाती देण्यापूर्वी हेलन शेवटची काही पाने फाडून घेते, कारण ती गिल्बर्टविषयीच आहेत. त्याने काय वाचावे हे तिने ठरवले. पुढे नक्कल करताना गिल्बर्ट सहज सांगून टाकतो की लिहिणारीपुरतेच ज्यांचे महत्त्व होते असे काही उतारे कदाचित गाळले असतील. ते कोणते, हे त्याने ठरवले. हंटिंग्डनने वही हिसकावली आणि गिल्बर्टने ती प्रेमाने नकलून काढली. या दोन पुरुषांत फरक मोठा आहे, पण वही कुणाची हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.


काकडआरती

शेवटचे वाक्य वाचून विनोद सुचेनासा झाला आहे.


जुना वाचक

रानवारा यांनी पत्रात्मक कादंबरीला सरसकट बाद ठरवले, म्हणून मराठीतील एका पुस्तकाची आठवण द्यावीशी वाटते. वामन मल्हार जोशी यांची ‘इंदू काळे व सरला भोळे’ ही पत्रांतूनच सांगितलेली कादंबरी आहे. कला आणि नीती यांवरील एवढी चर्चा एखाद्या निवेदकाने केली असती तर ते व्याख्यान झाले असते. पत्रांत ती मतभेद असलेल्या, परंतु एकमेकांविषयी आस्था असलेल्या माणसांची होते. पत्राला उत्तर येणार आहे, हे तेथे लिहिणाऱ्याच्या लक्षात असते, आणि तो थोडे झुकते माप देतो, थोडे टोचून बोलतो, काही मुद्दे मुद्दाम टाळतो. हॅलफर्डची अडचण मला येथे दिसते. तो उत्तर देत नाही. दिले असेल तर आपल्याला दाखवलेले नाही. नाणे पसंत पडले का, या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत कुठेच नाही, हप्ते मात्र चालू राहतात.


सोनचाफा

पत्र म्हणजे खासगी मजकूर, हे आपण गृहीत धरतो आहोत. आमच्या घरी तसे नव्हते. गावाकडे आलेले आंतरदेशीय पत्र ओटीवर मोठ्याने वाचले जाई, आणि लेकी-सुना पत्र लिहीत ते चारचौघांत वाचले जाणार हे ओळखूनच. ‘येथील सर्व क्षेम’ या तीन शब्दांमागे काय दडले आहे, ते फक्त आईला कळत असे. जे खरोखर सांगायचे असे ते माहेरी येईपर्यंत थांबे. इंग्लंडमध्येही त्या काळी संध्याकाळी दिवाणखान्यात मोठ्याने वाचण्याची पद्धत होती. मग माझा प्रश्न असा आहे की, हॅलफर्डने हे हप्ते रोझला वाचून दाखवले असतील का? रोझ तर स्वतःच त्यात एक पात्र आहे.


शांभवी

सोनचाफा, तुमच्या प्रश्नाने माझा पहिला आक्षेप अधिकच टोकदार झाला. सहाव्या प्रकरणात रोझ भावासमोरच तक्रार करते की या घरात सगळे चांगलेचुंगले पुरुषांसाठी राखून ठेवायचे, आम्ही मुलींनी काय खाल्ले याची कुणाला पर्वा नाही. ती तक्रार गिल्बर्टने तिच्याच नवऱ्याला लिहून पाठवली आहे. हॅलफर्डने ते वाचून जेवणाच्या टेबलावर काय केले असेल, याची मला आता फार उत्सुकता आहे, आणि लेखिका त्याबद्दल अक्षर काढत नाही!

अबोली यांची कसोटी मला मान्य आहे आणि ती लावूनच बोलते. रोजनिशी तिच्यावर उतरते. हेलनने भावाला लिहिलेली पत्रेही उतरतात, कारण ग्रासडेलला मरणाऱ्या नवऱ्याच्या उशाशी बसून ती लिहिते आहे, आणि गिल्बर्ट ती तिच्या भावाकडून, लॉरेन्सकडून, मिळवून एकेका ओळीत आपल्यासाठी काही आहे का ते शोधतो. एका ठिकाणी लिहिले जाणारे पत्र दुसऱ्या ठिकाणी कसे अधाशीपणाने वाचले जाते, ते त्या प्रकरणांत उत्तम दिसते. हॅलफर्डचे पत्र मात्र कसोटीवर उतरत नाही. त्याला काहीही धोका नाही. उंबरठा यांनी केलेली मांडणी सुंदर आहे, पण गावाचे, गिल्बर्टचे आणि मग हेलनचे ऐकवण्यासाठी हॅलफर्ड लागत नाही. गिल्बर्टने प्रथमपुरुषी सांगितले असते तरी तिन्ही पडदे जागच्या जागी राहिले असते.


दूरस्थ

येथे ‘फ्रँकेनस्टाइन’शी तुलना करता येईल. मेरी शेलीच्या १८१८ च्या त्या कादंबरीतही बाहेर पत्रेच आहेत. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन इंग्लंडमधल्या बहिणीला लिहितो, त्याच्या लेखनात फ्रँकेनस्टाइन बोलतो आणि त्याच्या बोलण्यात तो राक्षस बोलतो. बहीण तेथेही एका शब्दाने उत्तर देत नाही, पण लिहिणारा वॉल्टन स्वतः महत्त्वाकांक्षेने पछाडलेला आहे, आणि कहाणी ऐकून झाल्यावर बर्फात अडकलेले जहाज त्याला परत फिरवावे लागते. म्हणजे पत्र घेणारी गप्प असली तरी चालते, लिहिणाऱ्याचे काहीतरी पणाला लागलेले असले पाहिजे. शांभवींच्या म्हणण्यातले तथ्य मला येथे दिसते. १८४७ मधल्या गिल्बर्टचे काहीच पणाला लागलेले नाही. तो सुखी आहे, शेतीवाडी आहे, बायको आहे, आणि हॅलफर्ड व रोझ दरवर्षीप्रमाणे राहायला येणार आहेत.


उंबरठा

दूरस्थ, मला तेच तर खटकते आणि म्हणूनच ते पत्र हवे आहे. इतके सगळे वाचून झाल्यावर ही कहाणी एका सुखवस्तू पुरुषाच्या हाती फावल्या वेळचा विषय झाली आहे, हे पत्र नसते तर कळले नसते. मृद्गंध यांचा अनुभव त्याला साक्षी आहे. शांभवी, तुम्हाला जो राग आला तो पत्राने आणला. तुम्ही त्याला दोष म्हणता, मी त्याला परिणाम म्हणते.


शांभवी

तो राग लेखिकेला अपेक्षित होता, असे मानायला मजकुरात आधार हवा. शेवटच्या प्रकरणांत गिल्बर्टकडे तिरकस नजरेने पाहणारे एक वाक्य तरी दाखवा.


उंबरठा

शेवटच्या प्रकरणांत असे थेट वाक्य मला दाखवता येणार नाही. माझा आधार पहिल्या प्रकरणातील नाणी, सहाव्यातील रोझ आणि चौदाव्यातील चाबूक एवढाच आहे. तो अपुरा वाटत असेल, तर आपण येथे असहमत राहू.


रानवारा

एवढे वाचल्यावर कादंबरी वाचावीशी वाटू लागली आहे, हे मान्य करतो. पण एक व्यावहारिक प्रश्न आहे. हॅलफर्ड, रोझ, गावच्या वावड्या हे सगळे ओलांडून सरळ सोळाव्या प्रकरणापासून रोजनिशीच वाचली तर काय बिघडेल?


अबोली

बरेच बिघडेल. एकच उदाहरण देते. तिसऱ्या प्रकरणात हेलन मुलाला घेऊन गिल्बर्टच्या घरी येते. मुलाला दारूचा वाससुद्धा सोसत नाही, आणि ही तिटकाऱ्याची सवय आपणच त्याला लावली आहे असे ती सांगते. गिल्बर्टच्या आईला वाटते की असे वाढवले तर पोरगा नेभळट होईल. गिल्बर्टही वाद घालतो, आणि वाचताना आपल्यालाही ही बाई थोडी हेकट वाटते. मग एकोणचाळिसाव्या आणि एक्केचाळिसाव्या प्रकरणांत कळते की चारपाच वर्षांच्या त्या मुलाला त्याचा बाप आणि बापाचे मित्र मौजेखातर दारू पाजत होते, शिव्या शिकवत होते, आणि ती सवय मोडण्यासाठी हेलनने त्याच्या दारूत ओकारीचे औषध कालवून त्याला मुद्दाम आजारी पाडले होते. तुम्ही रोजनिशीपासून सुरुवात केलीत तर या प्रसंगात तुम्ही पहिल्यापासून तिच्या बाजूचे असाल. तिसऱ्या प्रकरणात तिला मनातल्या मनात नावे ठेवण्याची संधी तुम्हाला मिळणार नाही.

प्रत घेताना मात्र दूरस्थ यांनी सांगितले आहे तसे सुरुवातीचे पत्र आहे ना, ते पाहून घ्या. आवडले नाही तर तेवढी दोन पाने ओलांडता येतील.